धाब्यावर टिन टाकलं, उतार कुठाय?

आजचा भाग डोक्यावरच्या इतिहासाचा, म्हणजे छपराचा.

आमचं कामरगाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. इथं छपराच्या पत्र्याला सगळे टिन म्हणतात. गंमत अशी की त्यात टिन, म्हणजे कथील, नसतंच. आत लोखंड, वर जस्ताचा मुलामा. जस्त आधी स्वतः झिजतं, तोवर लोखंड वाचतं. या मुलाम्याचं पेटंट १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेलनं घेतलं. पन्हळी पत्रा त्याच्याही आधीचा, १८२९ चा. लंडनच्या गोदीतला इंजिनिअर हेन्री पामर याचा. साधा कागद आडवा धरला की लोंबतो, पंख्यासारख्या घड्या घातल्या की ताठ राहतो. बस, एवढंच डोकं!

असे पत्रे एकात एक रचता येतात, त्यामुळे लांब न्यायला सोयीचे. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ लाइन, आपली शकुंतला, कारंज्यावरून धावू लागली. मग लांबचा जड माल आपल्या दारापर्यंत यायला कितीसा वेळ?

पण त्याआधी इथं काय होतं? कवेलू, आणि धाबं. धाबं म्हणजे लाकडी कड्या, वर काड्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. जवळजवळ सपाट. ही माती भिजली की फुगते आणि भेगा बुजवते. पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, की वर्षभराचं काम झालं. मे महिन्यात आत गारवा असायचा तो वेगळाच.

खरी भानगड इथून सुरू होते. माती गेली, टिन आलं, पण भिंती त्याच राहिल्या. सपाट छपरासाठी बांधलेल्या भिंतींवर पत्रा टाकला, तर उतार येणार कुठून? पाणी हळू सरकतं, दोन पत्र्यांच्या जोडात थांबतं, वारा त्याला उलटं वर ढकलतं. वरून वादळात उडू नये म्हणून आपण दगड ठेवतो! दगडामागं पाला अडकतो, ओल राहते, आणि जस्त तिथंच आधी संपतं.

बर्फाच्या देशांत हीच गोष्ट जास्त वाईट होते. घराच्या उबेनं छपरावरचा बर्फ खालून वितळतो, आणि थंड वळचणीशी येऊन पुन्हा गोठतो. त्याचा बांध तयार होतो. मागं पाणी तुंबतं आणि जोडातून घरात. म्हणून तिकडे कमी उताराला साधा पन्हळी पत्रा टाळतात. कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवलेले पत्रे वापरतात. वरून दिसणारं खिळ्याचं भोकच नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, जुलै आहे. आमच्या काकांची खोली बारा फूट लांब आणि उतार फक्त सहा इंच. दुकानदार म्हणाला, जाड पत्रा घ्या. मी म्हटलं, काका, आधी भिंत वाढवा. जाड पत्रा गळायचा थांबत नाही, फक्त उशिरा सडतो. बरीच खडाजंगी झाली बाप्पा. शेवटी ठरलं: मागची भिंत दीड फूट वर, म्हणजे बारा फुटांना दोन फूट उतार. बोल्ट नळीच्या माथ्यावर, खोलगटात नाही, आणि खाली रबरी वायसर. जुनं धाबं तसंच ठेवायचं, टिन त्याच्या वर.

दगड मात्र काकांनी अंगणात जपून ठेवलेत.