रेषा आणि घड्याळ

२८ मे १९०७. आयल ऑफ मॅन बेटावरच्या सेंट जॉन्स गावातून पंचवीस मोटारसायकली दोन-दोनच्या जोडीने सुटल्या. ब्रिटनच्या रस्त्यांवर तेव्हा ताशी वीस मैलांच्या वर जायला कायद्याने बंदी होती, म्हणून ही हौशी मंडळी समुद्र ओलांडून बेटावर आली होती. पंधरा मैलांहून जरा मोठी फेरी, अशा दहा फेऱ्या, आणि मध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती. चार्ली कॉलियरने मॅचलेस गाडीवर ४ तास ८ मिनिटे ८ सेकंदांत एका सिलिंडरच्या गाड्यांची शर्यत मारली. सरासरी वेग ताशी ३८.२१ मैल, म्हणजे साडेएकसष्ट किलोमीटर. महामार्गावरची आपली एसटीही आज यापेक्षा जोरात जाते.

जोडीजोडीने सुटलेल्या गाड्यांत पुढे दिसणारा पुढे असतोच असे नाही. जुन्नर, खेड, आंबेगावच्या बैलगाडा घाटांवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथेही गाडे एकेक करून सुटतात, शर्यत लागते ती घड्याळाशी, आणि अकरा-बारा सेकंदांच्या धावेत सेकंदाच्या बारीक अंशावर 'घाटाचा राजा' ठरतो. आयल ऑफ मॅनची ती शर्यत, म्हणजे टीटी (टूरिस्ट ट्रॉफी), आजही याच जातीची आहे. रायडर दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेकटे सुटतात आणि ३७.७३ मैलांची डोंगरातली फेरी मारतात. ग्रँडस्टँडसमोरच्या अवाढव्य फलकावर स्काउटची पोरे हाताने रंगवून आकडे चढवत, हे तिथले जुने दृश्य. १९५७ साली बॉब मॅकिंटायरने गिलेरा गाडीवरून या मार्गावर पहिल्यांदा ताशी शंभर मैलांची फेरी मारली. फेरीला बावीस मिनिटांहून अधिक वेळ लागला होता. २०२३ मध्ये पीटर हिकमनने तीच फेरी १६ मिनिटे ३६ सेकंदांत पूर्ण केली.

फेरी मोजायला दोनच गोष्टी लागतात, एक रेषा आणि एक घड्याळ. सव्वाशे वर्षांचा हा इतिहास म्हणजे या दोन गोष्टी कुणाच्या ताब्यात होत्या, याची हकिकत आहे. रेषा आयोजकांची, घड्याळ पंचांचे आणि त्यावर अंगठाही पंचांचाच. टीटीच्या जुन्या निकालांत वेळ सेकंदाच्या पाचव्या भागांत लिहिलेली सापडते, कारण तेव्हाच्या स्टॉपवॉचचा काटा सेकंदात पाचच ठोके टाकी. स्वित्झर्लंडच्या हॉयर कंपनीने १९१६ साली 'मिक्रोग्राफ' हे सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे घड्याळ काढले. अडचण अशी, की काटा शंभराव्या भागावर नाचू लागला तरी माणसाचा अंगठा काही तेवढा चपळ झाला नाही.

तरी त्या अंगठ्याला मान होता. इंग्लंडमधला ब्रूकलँड्सचा ट्रॅक १९०७ सालचाच, वळणांवर भिंतीसारखा उभा चढवलेला. तिथल्या शर्यतीत ताशी शंभर मैलांची फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला क्लबतर्फे छोटा सोनेरी तारा मिळे. शंभर मैलांचा वेग म्हणजे तिथे फेरीला सुमारे एक मिनिट चाळीस सेकंद. दोन सेकंद जास्त लागले की तारा गेला. १९३७ मध्ये वॉल हँडलीने बीएसएच्या गाडीवर तो मिळवला आणि कंपनीने पुढच्या मॉडेलचे नावच 'गोल्ड स्टार' ठेवले. एका फेरीच्या वेळेवरून गाडीचे बारसे झाल्याचे असे दुसरे ठळक उदाहरण सहज आठवत नाही.

युद्धानंतरच्या शर्यतींत पंचांच्या जोडीला पिटच्या भिंतीवर संघांची स्वतःची घड्याळे आली. फॉर्म्युला वनच्या जुन्या छायाचित्रांत ड्रायव्हर योखेन रिंटची पत्नी नीना स्टॉपवॉच हातात घेऊन बसलेली दिसते. मोटारसायकलींच्या पिटमध्ये हे काम भाऊ, मित्र किंवा मेकॅनिक करी. स्वाराला मात्र त्याची वेळ कळायची ती पिटमधून दाखवलेल्या पाटीवर, पुढच्या वेळी तिथून जाताना. म्हणजे या फेरीचा हिशेब त्याच्या हाती पडेपर्यंत पुढची फेरीही संपत आलेली असे. चूक नेमकी कुठल्या वळणावर झाली, हे त्या पाटीवर नसेच.

अंगठ्याची सद्दी संपवली ट्रान्सपाँडरने. गाडीवर लहानशी डबी, रस्त्याखाली पुरलेली तार, आणि तारेवरून जाताना डबीने सांगितलेला आपला क्रमांक. या तंत्रात पुढे जगभर पसरलेली एएमबी ही डच कंपनी सुरुवातीला रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींच्या शर्यती मोजत असे, हा तपशील गमतीचा आहे. पण खेळण्यातून आलेल्या या तंत्राने पुढे विश्वविजेतेपदे ठरली. ऑक्टोबर २००६ मध्ये पोर्तुगालच्या इस्टोरिल ट्रॅकवर मोटोजीपीच्या शर्यतीत टोनी इलियासने व्हॅलेंटिनो रॉसीला ०.००२ सेकंदांनी हरवले. ताशी अडीचशे किलोमीटरचा वेग धरला तर हे अंतर वीतभरही भरत नाही. रॉसीचे त्या दिवशी पाच गुण गेले, आणि मोसमाच्या शेवटी निकी हेडन विजेता ठरला तो २५२ विरुद्ध २४७ असा, पाच गुणांनीच.

ट्रॅक डेचा रायडर या सगळ्याच्या बाहेर होता. ट्रॅक डे म्हणजे फी भरायची आणि आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर चालवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, त्यामुळे पंचही नाही. त्याच्यासाठी आला इन्फ्रारेड टायमर. पिटच्या भिंतीवर अदृश्य किरण सोडणारी पेटी ठेवायची आणि गाडीवर तो किरण टिपणारा डोळा बसवायचा. नेमक्या क्षणी शेजारून दुसरी गाडी आडवी आली की फेरी चुकली. भिंतीवर दुसऱ्या कुणाची पेटी असली की आपले घड्याळ तिच्या इशाऱ्यावर चाले. आणि पेटीची बॅटरी संपली की मग काहीच नाही. युरोपातल्या काही ट्रॅकवर, विशेषतः कार्टिंगच्या, डांबरात चुंबकीय पट्ट्या पुरल्या गेल्या. पण त्या फक्त तिथेच.

यातून सुटका झाली ती उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या जीपीएसमुळे. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली गेली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राची जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. दहा-पंधरा मीटर रुंदीच्या ट्रॅकवर अशा यंत्राचा काय उपयोग? चूक काही मीटरवर आली आणि रेषा डांबरावरून उठून यंत्राच्या स्मृतीत गेली. रायडर स्वतःच ती आखू लागला.

आता प्रश्न उरतो तो कोणते यंत्र घ्यायचे याचा, आणि त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पन्नास मीटर. फोनमधला जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा सांगतो, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये पन्नास मीटरची पोकळी राहते. सेकंदाला दहा नोंदी करणाऱ्या यंत्रात ती पाच मीटरची होते, पंचवीस नोंदींत दोन मीटरची. उरलेली पोकळी यंत्र हिशेबाने भरून काढते. म्हणून स्क्रीन किती मोठी यापेक्षा सेकंदाला नोंदी किती, हे आधी विचारावे. रेषा कुठे आखायची, यालाही तेवढेच महत्त्व आहे. जागा एका मीटरने चुकली, तर भरधाव सरळ पट्ट्यावर त्याची किंमत सेकंदाचे दोन शतांश पडते, पण हळू वळणावर, सेकंदाला पंधरा मीटर वेगात, तीच चूक सहा-सात शतांशांची होते. अँटेनाला आकाश दिसले पाहिजे. टाकीवर ओणवा झालेला रायडर स्वतःच तिच्यावर छत धरतो, म्हणून ती शेपटीवर किंवा पुढच्या काचेमागे बसवलेली बरी.

फोनला बाहेरचा ब्लूटूथ जीपीएस जोडणे स्वस्तात पडते आणि रेसक्रोनोसारखी ॲप हे काम चोख करतात. फोन मात्र हँडलबारला न बांधता जाकिटाच्या खिशात ठेवावा. ताकदीच्या मोटारसायकलींच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचे नुकसान होऊ शकते, असा इशारा २०२१ मध्ये खुद्द ॲपलनेच दिला होता.

नव्या टायमरमधली खरी मोहक गोष्ट वेगळीच आहे. चालू फेरी आपल्या सर्वोत्तम फेरीच्या पुढे आहे की मागे, हे ते फेरी चालू असतानाच दाखवतात. पाटीची वाट पाहणे संपले. मोह आवरून तो आकडा फक्त सरळ पट्ट्यावरच बघायचा असतो, ही गोष्ट निराळी.

भारतात या हौसेचे जुने पीठ मद्रासजवळची शोलावरमची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या विमानतळावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवी, आणि १९९० मध्ये क्लबने इरुंगट्टुकोट्टै येथे ३.७१७ किलोमीटरचा स्वतःचा ट्रॅक उघडला. पुण्या-मुंबईचे रायडर गाड्या टेम्पोत घालून तिथे किंवा कोइंबतूरला जातात. इतक्या लांब जाऊन हाती लागतात त्या थोड्याच फेऱ्या, म्हणून प्रत्येक फेरीची नोंद त्यांना हवी असते. संध्याकाळी चहाच्या टेबलावर तुलना होते ती फेऱ्यांच्या आलेखांची, कोण कुठे ब्रेकवर आला याची.

घड्याळ रायडरच्या हाती जाणे सगळ्यांनाच रुचले असे नाही. ब्रिटनमधल्या अनेक ट्रॅक डेंमध्ये, खासकरून मोटारींच्या, वेळ मोजायलाच मनाई असते. मोजले की शर्यत झाली आणि शर्यतीचा विमा निराळा, असा त्यामागचा हिशेब. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या २०.८३२ किलोमीटरच्या जुन्या वळसेदार मार्गावर २०२४ पर्यंत मोटारसायकलस्वारही तिकीट काढून गाडी घालू शकत, पण तिथेही वेळ लावून पळणे नियमांत बसत नसे. शिवाय प्रत्येक फेरीनंतर बाहेर पडावे लागत असल्याने रेषेपासून रेषेपर्यंत सलग फेरी होतच नसे. हौशी लोकांनी त्यावर तोड काढली. पहिल्या पुलापासून शेवटच्या कमानीपर्यंत एकोणीस किलोमीटर आणि थोडे, इतकेच मोजायचे. त्या पुलाखाली आणि त्या कमानीखाली डांबरावर कुणी रेषा मारलेली नाही. तरीही तिथल्या रायडरच्या टायमरमध्ये त्या दोन्ही रेषा आखलेल्या असत.