सोडियम, मेंदूतला ‘पूल’ आणि बदललेला स्वभाव

आजोबांचं सोडियम 112 आलं म्हणून दाखल केलं की दुसऱ्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, कालपासून सलाईन चालू आहे, तरी अजून 118च कसं?” आम्ही मुद्दाम सावकाश जातो. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

1959 साली अमेरिकेत ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल या डॉक्टरांनी चार रुग्णांची हकिगत छापली. दारूचं व्यसन किंवा कुपोषण असलेल्या या आजारात हातपाय लुळे पडत, बोलणं-गिळणं बंद होई. शवविच्छेदनात मेंदूच्या देठातल्या ‘पॉन्स’ या भागाच्या मधोमध नसांवरचं मायलिन, म्हणजे वायरीवर असतं तसं आवरण, नाहीसं झालेलं दिसलं. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल. आजाराचं नाव पडलं सेंट्रल पॉन्टाइन मायलिनोलिसिस, आणि दोष गेला दारूवर.

खरं कारण कळायला वीसेक वर्षं गेली. 1981 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आणि 1986 मध्ये स्टर्न्स यांच्या रुग्णांमध्ये दिसलं, की फार कमी झालेलं सोडियम झपाट्याने वाढवलं तर हा आजार होतो. सोडियम काही दिवस कमी राहिलं की पेशी सुजू नयेत म्हणून स्वतःतले क्षार आणि इतर द्रव्यं बाहेर टाकतात. ती परत मिळवायला त्यांना वेळ लागतो. तेवढ्यात बाहेरचं सोडियम वाढलं तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मायलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. थोडक्यात, बऱ्याचदा चूक आमच्या घाईची होती. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे. म्हणून आज जोखमीच्या रुग्णात 24 तासांत 8 च्या वर वाढू देत नाहीत.

मनाचा विचार मात्र फार उशिरा झाला. ज्याला बोलताच येत नाही त्याची स्मरणशक्ती कोण तपासणार? एमआरआय आल्यावर सौम्य आजाराचे, वाचलेले रुग्ण सापडू लागले. 1987 मध्ये प्राइस आणि मेसुलम यांनी या आजारातल्या वागणुकीतल्या बदलांवर लिहिलं. लक्ष न लागणं, विचार मंदावणं, चिडचिड, विनाकारण रडू किंवा हसू येणं, कशातच रस न उरणं, असं बरंच काही होऊ शकतं. कधी तर हातापायांतली ताकद शाबूत असताना. मोठ्या मेंदूचे निरोप या पुलावरूनच लहान मेंदूकडे जातात. आणि लहान मेंदू फक्त तोल सांभाळत नाही, नियोजन आणि भावनांतही त्याचा वाटा असतो, हे 1998 मध्ये श्माहमान आणि शर्मन यांनी दाखवलं. शिवाय मायलिनची ही हानी पॉन्सच्या बाहेरही होते.

तुमच्यासाठी महत्त्वाचं इतकंच. सोडियम सुधारल्यावर माणूस शुद्धीवर येतो, नीट बोलतो, आणि दोन ते सहा दिवसांनी पुन्हा विचित्र वागू लागतो. घरचे म्हणतात, “आजारपणाने हट्टी झालेत” किंवा “नाटकं करतात.” तसं न म्हणता डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, आणि सोडियम कधी, किती वाढलं ते कागद बरोबर न्या. पहिला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो. शंका असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो. काही रुग्ण महिन्यांच्या काळात बरेच सुधारतात, स्वभाव मात्र कधी कधी हातापायांपेक्षा उशिरा पूर्वपदावर येतो.