शुद्धीची मोजपट्टी

डोक्याला मार लागलेला पेशंट कितपत शुद्धीवर आहे हे सांगायला १९७४ पूर्वी शब्दांचा तोटा नव्हता. स्टुपर, सेमी-कोमा, गुंगी, ग्लानी असं काय काय केसपेपरवर लिहिलं जाई. पण एका नर्सच्या लेखी जी ग्लानी, ती दुसरीला अर्धवट शुद्ध वाटे. रात्रपाळीने एक शब्द लिहिला आणि सकाळच्या पाळीने दुसरा, तर पेशंट खरंच खालावला की नुसता लिहिणारा हात बदलला, हे कळायला मार्ग नसे. मेंदूच्या दुखापतीत तर सगळं याच एका गोष्टीवर अवलंबून असतं.

ग्लासगोच्या इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरॉलॉजिकल सायन्सेसमधले न्यूरोसर्जन ब्रायन जेनेट आणि त्यांचे तरुण सहकारी ग्रॅहम टीसडेल यांनी या प्रश्नाला हात घातला. सीटी स्कॅन तेव्हा नुकता जन्मला होता. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या पेशंटच्या मेंदूचं चित्र निघालं, पण बहुतेक इस्पितळांत ते यंत्र पोचायचं होतं. कवटीच्या आत काय चाललंय याचा अंदाज खाटेशेजारी उभं राहूनच घ्यावा लागे. जेनेट यांच्या गटाने १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला तो अशा पेशंटांचा, जे मार लागल्यावर बोलले आणि तरीही दगावले. जो माणूस बोलला, त्याच्या मेंदूला बसलेला पहिला मार सहसा जीवघेणा नसतो. घात होतो तो मागाहून, कवटीत रक्त साकळून दाब वाढला की. म्हणजे मधल्या तासांत कुणीतरी नीट पाहत असेल, तर त्याला वाचवता येण्याची शक्यता असते. हे पाहणारं माणूस बहुतेक वेळा नर्स असते.

१३ जुलै १९७४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी आपली मोजपट्टी मांडली होती, तीच आजची ग्लासगो कोमा स्केल, वॉर्डातली ‘जीसीएस’. शुद्धीला नाव देण्याच्या फंदात न पडता त्यांनी तीनच गोष्टी पाहायला सांगितल्या: डोळे कशाने उघडतात, पेशंट काय बोलतो, हातपाय कसे हलवतो. डॉक्टर आणि नर्स या दोघांनाही त्या सारख्याच नोंदवता येतात आणि मेंदूच्या खास युनिटमध्ये जशा, तशाच साध्या इस्पितळातही चालतात, असा त्यांचा दावा होता. पुढच्याच वर्षी ‘नर्सिंग टाइम्स’ या नर्सेसच्या साप्ताहिकात या पद्धतीवर आणि तिच्या नोंदतक्त्यावर लेख आले. मला या कुळकथेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तक्ता ज्यांच्या हाती राहणार होता, त्यांच्यापर्यंत तो लगेच पोचवला गेला.

हालचालीच्या पायऱ्या मूळ तक्त्यात पाच होत्या. हात सरळपणे आखडून मागे घेणं आणि विचित्रपणे दुमडणं यांत पुढे फरक केला गेला, तेव्हा त्या सहा झाल्या. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. सर्वांत कमी ३. शून्य या मोजपट्टीत नाहीच. बेरीज करण्याची प्रथाही नंतरची. १९७४ च्या तक्त्यावर तिन्ही गोष्टींचे ठिपके तासागणिक वेगवेगळे मांडले जात.

आता खाटेशी जाऊ. आधी हाक, मग मोठ्याने हाक, मग बोटाच्या टोकावर दाब. “आजी, माझा हात धरा” म्हटल्यावर त्यांनी धरला, एवढ्यावर ६ द्यायचे नाहीत. तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप मिटू शकते. “आता सोडा” म्हणायचं, आणि सोडला तरच आज्ञा पाळली. खांद्याजवळचा स्नायू चिमटीत दाबल्यावर हात गळपट्टीच्या हाडाच्या वर, दाबाच्या जागेकडे आला तर ५. बोलण्यात नाव, ठिकाण आणि महिना विचारायचा. आपल्याकडे एखादी आजी जुलैऐवजी ‘आषाढ’ सांगेल, आणि आषाढ चालू असेल तर ते उत्तर बरोबरच आहे. ते चुकीचं धरून एक गुण कापणारी सिस्टर तक्त्यावर नसलेली घसरण दाखवेल. पेशंटला आपली भाषा येत नसेल तर नातेवाइकाला मध्ये घ्यावं, गुण अंदाजाने देऊ नयेत.

बेरजेने सोय झाली तसा घोटाळाही झाला. फोनवर “जीसीएस ९ आहे” एवढंच सांगितलं तर डॉक्टरला डोळे, बोलणं, हालचाल यांतलं काय घसरलं ते कळत नाही, आणि तीच बेरीज निरनिराळ्या पेशंटांत निरनिराळी अवस्था असते. म्हणून ‘ई (डोळे) २, व्ही (बोलणं) २, एम (हालचाल) ५’ असं सुटं सांगावं. श्वासासाठी घशात नळी घातलेला पेशंट बोलूच शकत नाही. त्याला बोलण्याचा १ देणं म्हणजे नसलेला बिघाड लिहिणं. ग्लासगोच्याच मंडळींनी २०१४ साली चाळीस वर्षांनंतर पद्धत पुन्हा घासूनपुसून मांडली, तेव्हा अशा ठिकाणी आकडा न लिहिता ‘तपासता येत नाही’ असं नोंदवायला सांगितलं. सुजून बंद झालेल्या डोळ्यांनाही तोच नियम.

डॉक्टरला कधी उठवायचं, हा रात्रपाळीतल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा खरा प्रश्न. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शनात त्याचं सरळ उत्तर आहे: एक गुण घसरून अर्धा तास तसाच राहिला तरी कळवा, आणि तो गुण हालचालीतला असेल तर त्याला जास्त वजन द्या. जीसीएस १५ होईपर्यंत तपासणी दर अर्ध्या तासाने. मग दोन तास तशीच अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासागणिक, त्यानंतर दर दोन तासांनी. पाळी बदलताना दोघींनी एकत्र खाटेशी उभं राहून एकदा तपासून घ्यावं, म्हणजे पुढच्या रकान्यातला फरक पेशंटचा असेल, हाताचा नाही.