सुकाणूंचा दोर

'सत्तेचें सुकाणूं अमुक एकानें हातीं घेतलें' असें आपण सहज म्हणतों. परंतु शिडाच्या मोठ्या जहाजावर सुकाणूं कोणाच्याहि हातीं नसतें. हातीं असतें तें चाक. सुकाणूं असतें पिछाडीस, पाण्याखालीं; आणि या दोहोंच्या मध्यें असतो एक दोर, जो वर उभ्या असलेल्या उतारूस सहसा दिसत नाहीं. इतिहासांत शिडांचीं, तोफांचीं व दर्यावर्दी वीरांचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. या दोराची आठवण मात्र तो निकामी झाला म्हणजेच होते. आज त्याची हकीकत सांगावयाची आहे.

लहान होडींत सुकाणूंच्या माथ्याला एक दांडा असतो. नावाडी तो स्वतःच्या हातानें धरतो आणि पाण्याचा जोर त्याच्या तळहाताला कळतो. जहाजें वाढलीं, तसा हा दांडा एका माणसाच्या आटोक्याबाहेर गेला. १७ व्या शतकांत युरोपीय लोक दांड्याच्या टोंकाला एक उभी काठी जोडीत व वरच्या मजल्यावरून ती डावीउजवीकडे ढकलीत. इंग्रजींत तिला व्हिपस्टाफ म्हणत. १६२८ सालीं पहिल्याच सफरींत स्टॉकहोमच्या बंदरांत बुडालेली व १९६१ सालीं वर काढलेली 'वासा' ही स्वीडिश युद्धनौका याच पद्धतीची होती. या काठीनें सुकाणूं थोडेंच वळे, आणि ती धरणारा मनुष्य मजल्याखालीं उभा असल्यामुळें त्याला शिडें धड दिसत नसत.

१८ व्या शतकाच्या आरंभीं चाक आलें आणि त्याबरोबर दोर आला. हा दोर वाखाचा, कधीं कच्च्या चामड्याचा असे. त्याचा मध्य चाकाच्या आडव्या रुळावर खिळ्यानें पक्का करीत, दोन्ही बाजूंस कांहीं वेढे देत, आणि टोंकें कप्प्यांवरून खालीं नेऊन दांड्याला बांधीत. चाक फिरविलें कीं एका बाजूचा दोर गुंडाळला जाई व दुसऱ्या बाजूचा सुटे. चाकाच्या एका मुठीवर दोरीची गांठ विणलेली असे. ती माथ्यावर आली म्हणजे सुकाणूं मध्यावर आहे, हें काळोखांतहि बोटांना कळे.

पण येथें भूमितीनें अडचण आणली. दांड्याचें टोंक कमानींत फिरतें. दोर मात्र सरळ ओढला जातो. त्यामुळें जितका दोर एका बाजूस ओढला जाई, तितकाच दुसऱ्या बाजूस सुटत नसे, आणि ढिलाई उत्पन्न होई. ढिला दोर म्हणजे चाक फिरतें पण सुकाणूं हलत नाहीं. आणि लाटेचा तडाखा बसला कीं तोच दोर एकदम ताणला जाऊन तुटण्याची भीति. शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रज आरमारांत यावर उपाय निघाला. तुळयांखालीं वर्तुळखंडाच्या आकाराची लांकडी कमान बसवून तिच्या कडेनें लहान रुळांवरून दोर नेण्यांत आला. आजच्या नौकांवर सुकाणूंच्या खांबाला वर्तुळखंडाच्या आकाराचा जो क्वाड्रंट बसवितात, त्याचेंहि तत्त्व हेंच. त्याच्या कडेवरून जितका दोर एकीकडे घ्यावा, तितकाच दुसरीकडे सुटतो.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रॅफल्गारच्या लढाईंत नेल्सनचें 'व्हिक्टरी' जहाज मंद वाऱ्यांत शत्रूच्या फळीकडे चाललें असतां तोफेच्या गोळ्यानें त्याचें चाक उडविलें. जहाजाला सुकाणूं होतें, त्याला दांडा होता. फक्त मधला दुवा नाहींसा झाला होता. तेव्हां खालच्या मजल्यावर सुमारें चाळीस खलाशी त्या दांड्याला लागले. जहाजाचा मास्टर ॲटकिन्सन व पहिला लेफ्टनंट क्विलियम यांनीं आळीपाळीनें खालीं राहून हुकूम दिले, आणि 'व्हिक्टरी'नें फळी फोडली. चाक गेल्यावर काय करावयाचें, हें त्या माणसांना आधींच ठाऊक होतें, म्हणून तें जहाज निभावलें.

हल्लींच्या शिडाच्या नौकांवर वाखाची जागा गंज न चढणाऱ्या पोलादी तारांच्या दोरानें घेतली आहे. चाकापाशीं सायकलीप्रमाणें दांतेरी चक्रावरून सांखळी जाते. देखभालीचे नियम मात्र जुन्या खलाशालाहि समजतील असे आहेत. चाक पक्कें बांधून खालीं जावें व क्वाड्रंट हातानें हलवून पाहावा. तो हलला तर दोर ढिला आहे. मग सुकाणूं मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंच्या चाक्या थोड्याथोड्या, सारख्याच आवळाव्या. फार आवळल्यास घर्षण वाढतें, कप्प्या झिजतात, आणि हाताला पाण्याची जाणीव होत नाहीं. दोरावरून फडकें फिरवावें. जेथें तें अडकेल तेथें तार तुटली आहे असें समजावें, व तो दोरच बदलावा. कप्पी वांकडी बसली असेल तर दोर तिच्या कडेला घांसतो. तिच्याखालीं पडलेला धातूचा चुरा हें त्याचें चिन्ह. आणि चाक निकामी झाल्यास सुकाणूंच्या माथ्याला लावण्याचा जादा दांडा जवळ असावा. तो बंदरांत असतांनाच एकवार बसवून पाहावा.

ही खबरदारी जुन्या काळापुरती नाहीं. गोव्यांत बांधलेली 'तारिणी' ही आपल्या नौदलाची शिडाची नौका सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस नेली. केप हॉर्नचा खवळलेला दर्या ओलांडून घराकडे येत असतां सुकाणूंच्या यंत्रणेंतच बिघाड झाला, आणि बेतांत नसतांना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत थांबावें लागलें. दुरुस्ती करून २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास सुखरूप परतल्या.

श्रोतेहो, एखाद्या शिडाच्या नौकेवर जाण्याचा योग आपणांस आला, तर चाकाचें कौतुक झाल्यावर पिछाडीचें झांकण उघडून खालचा दोर दाखवा, अशी विनंति तांडेलाला अवश्य करावी. चांगला तांडेल ती आनंदानें मान्य करील.