कबूल करणं आणि मान्य करणं: दोन शब्दांमधली फट

मंडळी, आज जरा शब्दाविषयी. पण शेवटी विषय आपल्या गावकारभाराचाच आहे, म्हणून पूर्ण वाचा.

"मान्य आहे, पण..." हे वाक्य आपल्याकडे बांधाच्या भांडणापासून मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. "कबूल आहे, पण..." मात्र कमी ऐकू येतं. दोन्हीचा अर्थ एकच, असं आपण धरून चालतो. तसा तो नाही.

'मानणे' हा शब्द संस्कृतातल्या 'मन्' धातूवरून आला. मन् म्हणजे विचार करणे. म्हणजे मानण्याचं सगळं काम मनातल्या मनात. म्हणून आपण देव मानतो, आभार मानतो, वाईट मानतो, हार मानतो. मानलेला भाऊ असतो, तो रक्ताचा नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. थोडक्यात, मानायला गोष्ट खरीच असली पाहिजे असं नाही. 'मान्य' त्याच घरातला. त्याचा मूळ अर्थ मान देण्याजोगा. कार्यक्रमपत्रिकेतले 'मान्यवर' तिथूनच आले. त्यामुळे "तुमचं म्हणणं मान्य" यात समोरच्याला मान दिल्याचा सूर असतो. आपण काय केलं, ते त्यात येतंच असं नाही.

'कबूल' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबी धातूचा अर्थ समोर येणे, घेणे, स्वीकारणे. 'मुकाबला' हा शब्द त्याच धातूचा आणि आपल्या मराठवाड्यात उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी असलेला 'इस्तकबाल', म्हणजे स्वागत, तोही त्याच धातूचा. सगळ्यांत समोरासमोर येणं आहे. कबूल करायला समोर कुणीतरी लागतो. निकाहात 'कबूल' साक्षीदारांसमोर म्हणावं लागतं. जुन्या महसुली व्यवहारात सरकार जमिनीचा पट्टा द्यायचं आणि रयत सारा भरण्याची 'कबुलायत' लिहून द्यायची. शब्द गेला की कागद व्हायचा आणि कागद झाला की तो पाळावा लागायचा.

जांब समर्थला या शब्दाची एक गोष्ट घराघरात माहीत आहे. 1608 साली इथे जन्मलेला ठोसरांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, लग्नाला तयार नव्हता. आई राणूबाईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नाही. पोरगा बोहल्यावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला, 'सावधान' ऐकलं आणि तो निघून गेला. आख्यायिका आहे, तेवढीच धरा. पण आपण सहसा 'सावधान'वर थांबतो आणि आधीचं विसरतो. आईला दिलेला शब्द त्याने अक्षरशः पाळला. जेवढं कबूल केलं तेवढं केलं, मगच पाय उचलला.

आता कोर्टाची बाजू. कबूल करवून घेण्याचा इतिहास फार चांगला नाही. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 1855 ला आला. कोठडीत मारून वदवून घेतात हे त्याने उघड केलं. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आणि मग 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये नियम आला की पोलिसाला दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा धरायची नाही. हाच नियम 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. त्याला एक अपवाद आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या वस्तूपर्यंत नेणारं तेवढंच बोलणं धरता येतं.

ऑगस्ट 2022 मध्ये समर्थांच्या जांबेतल्या मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला होता. त्याच वर्षी तपासात मूर्ती परत मिळाल्या. अशा वेळी "आरोपीने गुन्हा कबूल केला" ही ओळ बातमीत येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, प्रकरण संपलं. कायद्याला तसं वाटत नाही. मारून काढलेलं कबूल हे कबूलच नव्हे, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वी पटलं. आपल्याला अजून पटायचं आहे.

आणि सरकार? सरकारी मराठीत क्रियापद असतं, कर्ता नसतो. "मान्यता देण्यात येत आहे", "त्रुटी निदर्शनास आली आहे". कुणी दिली, कुणी केली, ते गायब. आपल्या शेजारच्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला लाठीमार झाला. तीन दिवसांनी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. क्षमा मागणं छोटी गोष्ट नाही, ते नोंदवलंच पाहिजे. पण आदेश कुणाचा, या प्रश्नावर पुढे कितीतरी दिवस आरोप-प्रत्यारोपच ऐकले. मग 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. आंदोलक म्हणाले मागणी मान्य झाली, ओबीसी संघटना म्हणाल्या आमच्यावर अन्याय. दोन्हीकडचे लोक आता एकच विचारतात, नेमकं काय कबूल केलंय? 'मान्य'ने टाळ्या मिळतात. कोण, काय, कधीपर्यंत करणार हे लिहिलं तरच ती कबुलायत होते.

म्हणून एक साधं सुचवतो. पुढच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा, रस्त्याचा, घरकुलाच्या हप्त्याचा विषय निघेल. उत्तर येईल, "मागणी मान्य आहे, लवकरच करू." तिथे थांबू नका. प्रोसिडिंगमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. काम कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि आतापर्यंत कुणामुळे रखडलं. तिसरी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या. वाचून दाखवा म्हणावं, मगच सही करा.

तुमच्या गावात शेवटचं "हो, हे आमच्यामुळे झालं" कुठल्या पदाधिकाऱ्याने चारचौघांत म्हटलं होतं? आठवत असेल तर खाली लिहा. असं म्हणणाऱ्या माणसाचं नाव गावाला कळलं पाहिजे.