अमेरिकन दूरचित्रवाणीतील ‘लेखन-कक्ष’ : सामूहिक लेखनपद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
साहित्यकृती म्हटली की एक लेखक, त्याचे एकांतातील चिंतन आणि कृतीवरील त्याचे नाव असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दूरचित्रवाणी मालिकेने या चित्राला छेद दिला. अमेरिकेत बहुतांश मालिका एका टेबलाभोवती बसलेल्या लेखकांच्या गटाकडून आकारास येतात. या व्यवस्थेस ‘रायटर्स रूम’ अर्थात लेखन-कक्ष असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या कक्षाची जडणघडण, त्याची कार्यपद्धती आणि त्यातून निर्माण झालेला श्रेयाचा व श्रमाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

उगम :
लेखन-कक्षाचा जन्म कलाविषयक सिद्धान्तातून नव्हे, तर वेळेच्या गरजेतून झाला. एनबीसी वाहिनीवर १९५० ते १९५४ या काळात ‘युअर शो ऑफ शोज’ हा ९० मिनिटांचा विनोदी कार्यक्रम दर शनिवारी थेट प्रक्षेपित होत असे. दर आठवड्याला एवढा मजकूर पुरविणे एकट्या लेखकाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे मेल टॉल्किन, ल्युसिल कॅलेन, मेल ब्रुक्स, नील सायमन आदी लेखक एकत्र बसून, परस्परांचे विनोद खोडत व सुधारत संहिता तयार करीत.

याच सुमारास, १९५१ मध्ये, सीबीएस वाहिनीवर ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली. तिचे लेखन जेस ओपेनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरोल (ज्युनिअर) हे तिघे करीत. कथानक एकत्र ठरवायचे, प्यू व कॅरोल यांनी मसुदा लिहायचा आणि ओपेनहायमर यांनी अखेरचा हात फिरवायचा, अशी श्रमविभागणी तेथे रूढ झाली. आजच्या कक्षाचा मूळ आराखडा येथेच दिसतो.

नाट्यमय मालिकांत मात्र दीर्घकाळ वेगळी रीत होती. प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याने बाहेरचे लेखक एकेक कथा निर्मात्यास विकत. १९८१ मध्ये आलेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलीस मालिकेने अनेक उपकथानके भागामागून भाग पुढे नेली. अशा गुंफणीसाठी मागचे सर्व लक्षात ठेवणारा कायम लेखकगट अपरिहार्य ठरला.

कार्यपद्धती :
प्रथम संपूर्ण हंगामाचा प्रवास ठरविला जातो. पात्रे कोठून निघून कोठे पोहोचणार, हे निश्चित होते. त्यानंतर एकेका भागाचे कथानक ‘फोडले’ जाते. मुख्य व दुय्यम कथानकांतील प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर लावले जातात आणि त्यांचा क्रम बदलून पाहिला जातो. मग एखाद्या लेखकाकडे तो भाग सोपविला जातो. तो प्रथम रूपरेषा आणि नंतर मसुदा लिहितो. स्टुडिओ व वाहिनीच्या सूचना, कलावंतांसमवेतचे वाचन आणि पुनर्लेखन यांतून मसुदा जातो. अंतिम संस्कार प्रमुख लेखक-निर्माता करतो. ‘शोरनर’ ही त्याची संज्ञा १९९० च्या दशकात रूढ झाली. परिणामी, पडद्यावर ज्याचे नाव झळकते त्याच्या संहितेत इतर अनेकांची वाक्ये असतात.

कक्षातील विषमता :
सामूहिक म्हणजे समान असे मात्र नव्हे. टॉल्किन यांच्या कक्षात पुरुषांच्या गोंगाटात लक्ष वेधण्यासाठी ल्युसिल कॅलेन यांना उभे राहून लाल स्वेटर हलवावा लागे, अशी आठवण सांगितली जाते. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘द मेरी टायलर मूर शो’ने लेखिकांना लक्षणीय स्थान दिले, तथापि प्रश्न संपला नाही. ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या कक्षात टिपणे घेणाऱ्या एका सहायिकेने तेथील अश्लील संभाषणाविरुद्ध दावा दाखल केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फेटाळला. प्रौढांसाठीच्या विनोदी मालिकेच्या सर्जनप्रक्रियेत असे बोलणे घडते, हा संदर्भ न्यायालयाने महत्त्वाचा मानला. कक्षाचे स्वातंत्र्य आणि तेथील दुर्बलांची प्रतिष्ठा यांतील ताण या निकालाने उघड केला.

आक्रसलेला कक्ष :
पारंपरिक वाहिन्यांवरील हंगाम सुमारे २२ भागांचा असे. इंटरनेटवरील प्रसारण मंचांनी तो ८ ते १० भागांवर आणला. त्याचबरोबर ‘मिनी-रूम’ ही प्रथा वाढली. मोजक्या लेखकांकडून काही आठवड्यांत संहिता लिहून घ्यायच्या आणि चित्रीकरणापूर्वीच त्यांना मोकळे करायचे, असे तिचे स्वरूप होते. यात केवळ वेतन बुडाले नाही. कनिष्ठ लेखक पूर्वी चित्रीकरणस्थळी व संकलनात वावरून उद्याचा शोरनर होत असे. ती शिक्षणाची साखळीच तुटू लागली.

या असंतोषातून २ मे २०२३ रोजी अमेरिकन लेखक संघटनेने पुकारलेला संप १४८ दिवस चालला. करारानुसार ७ ते १२ भागांच्या मालिकेसाठी शोरनरसह किमान ५ लेखक आणि १३ वा अधिक भागांसाठी ६ लेखक नेमणे सर्वसाधारणपणे बंधनकारक झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुरास लेखकाचे साहित्य मानले जाणार नाही, हेही मान्य झाले.

भारतीय संदर्भ :
भारतात वेगळी वाट घडली. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका मनोहर श्याम जोशी यांच्या एकट्याच्या लेखणीतून उतरली. पुढे दैनंदिन मालिकांत, मराठीतही, कथा, पटकथा व संवाद अशी कामाची वाटणी झाली. अमेरिकन कक्षात लेखक एकाच कथेवर एकत्र बसतात. आपल्याकडे एकाचे काम संपल्यावर ते दुसऱ्याच्या हाती जाते. या पद्धतीत प्रत्येकाचे श्रेय स्पष्ट राहते, परंतु एकमेकांच्या चुका पाहून शिकण्याची संधी कमी होते.

समारोप :
लेखन-कक्षाचा इतिहास हा प्रतिभेचा इतिहास आहे तसाच तो कामगारसंबंधांचाही आहे. भागांच्या संख्येने त्याला जन्म दिला आणि भागांची संख्या घटताच तो आक्रसला. म्हणूनच २०२३ च्या लढ्यात मागणी केवळ मानधनाची नव्हती, तर टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची होती. त्या खुर्च्या टिकल्या तरच पुढील पिढीस लेखनाचा वारसा मिळेल, हे या इतिहासाचे सार होय.