दोन यमुना आणि निबंधाचा विषय

कादंबरीवर निबंध लिहावयास बसणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती विषयाची. वसईत ती चटकन सुटल्यासारखी वाटते. समोर किल्ला आहे, १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय आहे. तेव्हा एखादी ऐतिहासिक कादंबरी घ्यावी, ‘कादंबरीतील इतिहासदर्शन’ असे भारदस्त नाव द्यावे आणि लिहू लागावे! अशा निबंधात इतिहासही नीट येत नाही आणि कादंबरीही येत नाही. पुस्तक न उघडता ज्या विषयावर दहा पाने लिहिता येतात तो विषय फसला, असे आम्ही समजतो.

त्याऐवजी जुन्या दोन पुस्तकांकडे पाहू. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. यमुना पतीबरोबर प्रवासास निघते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते, आणि पुढे तिच्यावरच वैधव्य येते. शेवटी ती ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाहही होतो. पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झाले होते. त्यामुळे हे धर्मप्रचाराचे पुस्तक, कादंबरी नव्हेच, असा शेरा मारून ते बाजूस ठेवण्याची सोय झाली. पहिल्या कादंबरीचा मान १८६१ च्या ‘मुक्तामाले’स द्यावा असे म्हणणारेही निघाले.

आता गंमत पाहा. १८६८ साली ‘मंजुघोषा’ लिहिताना नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत तक्रार केली की, आपल्या लोकांची लग्ने, राहणी, चालीरीती अशा काही आहेत की त्यांतून मनोरंजक गोष्ट निघणे कठीण. म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो. ज्या चालीरीतींत रिसबुडांना गोष्ट दिसली नाही, त्यांतच पदमनजींना अकरा वर्षांपूर्वी एक सबंध पुस्तक सापडले होते! १८७२ साली का. बा. मराठे यांनी नावल व नाटक यांविषयी निबंध लिहिला, १९०२ साली राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. मराठीत कादंबरीवरील विचार असा निबंधांतूनच वाढत आला. पण रिसबूड आणि पदमनजी यांच्यातील हा पेच एकट्यानेच एका निबंधास पुरेल. विषय शोधायचा तो अशा पेचात. ‘समाजचित्रण’ यांसारख्या कोठेही चिकटणाऱ्या शब्दांत नव्हे.

दुसरे पुस्तक हरि नारायण आपटे यांचे ‘पण लक्षात कोण घेतो?’. १८९० पासून ते ‘करमणुकी’तून क्रमशः येऊ लागले. नायिकेचे नाव पुन्हा यमुनाच, घरची यमू. नावाच्या साम्यावर इमले बांधू नयेत, तो योगायोगही असू शकेल. पण दोघींना शेजारी बसविल्यावर कोणता प्रश्न विचारायचा, यावर सारा निबंध अवलंबून आहे. ‘कोणाचा सुधारणेचा मार्ग बरोबर?’ असे विचारले की निबंधाचे प्रवचन होते. ‘कोणाची कला श्रेष्ठ?’ असे विचारले की उत्तर आधीच ठरलेले असते: आपटे. त्यासाठी कागद कशाला खर्चावा?

आम्ही विचारू, ‘बोलते कोण?’ पदमनजींच्या पुस्तकात यमुनेविषयी लेखक सांगतो. ती दुसऱ्यांची दुःखे पाहते, ऐकते. एकेक कहाणी संपते आणि प्रवास पुढे चालतो. आपट्यांची यमू मात्र स्वतःची हकीकत स्वतः सांगते. बालपण, सासर, रघुनाथरावांबरोबरचे मुंबईतील थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि कपटाने केलेले केशवपन. त्या प्रसंगी तिच्या शरीराविषयी घरातील माणसे तिला न विचारता ठरवितात. आणि ते ठरविणे आपल्याला कळते ते तिच्याच तोंडून. सुमारे तेहेतीस वर्षांत विधवा पाहणाऱ्याच्या जागेवरून सांगणाऱ्याच्या जागेवर आली. हे दाखवायला दोन्ही पुस्तके उघडावी लागतात, पान दाखवावे लागते. मग पदमनजींचे प्रचारकपण लपवावे लागत नाही, आणि त्यामुळे त्यांना पंगतीतून उठवावेही लागत नाही.

हे वसईत बोलण्याचे कारण आहे. याच भागातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही मराठीचा मान ख्रिस्ती धर्मगुरूला कसा, असे विरोधाचे सूर उठले होते. पदमनजींचे पुस्तक त्याआधी एकशे बासष्ट वर्षे मराठीत उभे होते.

लिहिणाऱ्याने प्रथम ‘यमुनापर्यटन’ वाचावे. ते लहान आहे. मग आपटे घ्यावेत, आणि यमू जेथे गप्प बसते व इतर तिच्याविषयी बोलतात, त्या जागांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. त्या खुणांपैकी तीन निवडल्या तरी निबंध सुरू करता येईल.